सुई, मुसल्ला आणि पुस्तक : दुखऱ्या हातांनी दिवस कसा भागवायचा

फजरची अजान होते तेव्हा आमच्या घरात सगळ्यात अवघड काम असते नळ उघडण्याचे. आपाची बोटे त्या वेळी लाकडासारखी झालेली असतात. मूठ मिटत नाही, तोटी फिरत नाही. वुजूचे पाणी कोणीतरी दुसऱ्याने ओतायचे, असा घरात नियमच झाला आहे. हिवाळ्यात ते पाणी कोमट असते. आधी आपाला याची लाज वाटायची. आता वाटत नाही.

‘आम्ही’ म्हणजे नागपुरातल्या एका घरातल्या तिघी : मोठी आपा, तिची धाकटी बहीण आणि भाभी. हा लेख तिघींनी बसून बोलत बोलत लिहिला. टाइप धाकटीने केला, खोडणे-पुसणे आपाने सांगितले. दुखणे आपाच्या हातात आहे, पण गेल्या नऊ वर्षांत ते आमच्या स्वयंपाकघरात, पैशात, रमजानमध्ये आणि आमच्या बोलण्यातसुद्धा शिरले आहे. मोमिनपुरा, हंसापुरी, जाफर नगर, ताजबाग, कुठेही जा, प्रत्येक गल्लीत अशी एखादी आपा, खाला किंवा चाची भेटते. ती म्हणते, “हात दुखून राहिला, पण काय करता.” आणि पुन्हा सुई उचलते. हा लेख अशा घरांसाठी आहे.

आमच्याकडे शिवण हा छंद नाही, कमाई आहे. मोमिनपुऱ्याचे नावच मोमिन विणकरांवरून पडले. उत्तर प्रदेशातून आलेली ही घराणी इथे आणि कामठीत हातमागावर बसली. माग गेले, हातातली कला मात्र घरात राहिली, आणि ती जास्त करून बायकांच्या हातात राहिली. साडीला फॉल-पिको, बुरख्याची शिलाई, काज-बटण, तुरपाई, दुपट्ट्यावर मोती, ब्लाउजवर आरीकाम. ठेकेदार गठ्ठा आणून टाकतो, नगाप्रमाणे पैसे देतो. यात बसून राहायचे तास कोणी मोजत नाही. दुखणे तर नाहीच नाही.

दुखणे एकच नसते

पहिली चूक आमच्याकडून झाली ती नाव देण्यात. हात दुखतो म्हटले की सगळे ‘गठिया’ म्हणतात आणि विषय संपतो. पण शिवणाऱ्या बाईचा हात दुखण्याची कारणे वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. डॉक्टरांकडे जाण्याआधी निदान आपल्याला काय होते आहे ते नीट सांगता आले पाहिजे.

रात्री अंगठा, पहिले आणि मधले बोट सुन्न होऊन जाग येत असेल, हात झटकला की बरे वाटत असेल, तर बहुधा मनगटातून जाणारी नस दाबली जात आहे. याला कार्पल टनेल म्हणतात. शुगर किंवा थायरॉइड असलेल्या आणि गरोदर बायकांमध्ये हे जास्त दिसते. एखादे बोट मिटल्यावर अडकून बसते आणि ‘खट्’ करून उघडते, तर तो बोटाच्या दोरीचा, म्हणजे स्नायूच्या दोरीचा, आजार. कात्री चालवताना अंगठ्याच्या मुळापासून मनगटाच्या कडेपर्यंत कळ जात असेल तर तिथल्या दोऱ्या सुजलेल्या असतात. वय वाढते तसे बोटांची नखांजवळची पेरे आणि अंगठ्याचे मूळ झिजते. ते काम केल्यावर दुखते, आराम केल्यावर निवते.

आपाचे दुखणे याच्या उलट आहे. ते आराम केल्यानंतर वाढते. सकाळी उठल्यावर तास-दीड तास हात आखडलेले, मग हळूहळू सैल होतात. दोन्ही हातांना सारखेच : बोटांची मुळे, मधली पेरे, मनगट. सोबत थकवा इतका की झाडू मारून झाला की बसावे लागते. हा ऱ्हूमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची रोगाशी लढणारी ताकदच स्वतःच्या सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना हा दोन-तीन पट जास्त होतो. हा झिजेचा आजार नाही, सुजेचा आहे. वेळेवर औषध सुरू झाले तर सांधे वाचतात, उशीर झाला तर वाकडे होतात आणि वाकडे झालेले सरळ होत नाहीत. म्हणून सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, बोटांची मुळे सुजत असतील आणि असे काही आठवडे चालले असेल, तर घरगुती तेलमालिश करत महिने घालवू नका. मोमिनपुऱ्याच्या बाजूलाच मेयो आहे, मेडिकल आहे, मिहानमध्ये एम्स आहे. रक्ताच्या तपासण्या होतात.

आणि एक प्रकार असा की सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात, तरी अंगभर दुखते, झोप लागत नाही, सकाळी उठल्यावर मार खाल्ल्यासारखे वाटते. आमच्या भाभीच्या मावशीला असे आहे. घरच्यांनी ‘नाटक’ म्हटले, मग ‘नजर’ म्हटले, मग ‘जिन’ही म्हणून झाले. याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या दुखण्याला वैद्यकात ‘जुनाट वेदना’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात अशा वेदनेला स्वतःचे वेगळे स्थान आहे. कारण सापडले नाही तरी वेदना हाच आजार असू शकतो, असे त्या यादीने मानले. वेदनेवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली, तेव्हा स्पष्ट नोंदवले की माणूस दुखते असे सांगतो त्याचा मान ठेवला पाहिजे. मावशीला हे वाचून दाखवले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे मियांना वाचून दाखव.”

विदर्भात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे सिकलसेल. हाडात, सांध्यात अचानक भयंकर कळा येतात आणि मूल तडफडते. पाणी कमी पडले, थंडी वाजली, ताप आला की कळा उठतात. सरकारने याच्या उच्चाटनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू केले. ज्या घरात सिकलसेलचा रुग्ण आहे तिथे रोजाचा निर्णय डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नये. पाणी न पिणे हेच त्याच्यासाठी संकट आहे.

त्या रमजानमध्ये काय झाले

आता आमची चूक सांगतो. लपवून काय उपयोग.

आपाचे औषध सुरू होऊन दीड वर्ष झाले होते. सूज उतरली होती, ती पुन्हा बुरखे शिवायला लागली होती. रमजान आला. ईदच्या आधीचा महिना म्हणजे शिलाईचा सगळ्यात मोठा हंगाम. ठेकेदाराने नेहमीच्या दुप्पट माल टाकला. आपाने ठरवले की रोजे पूर्ण करायचे, माल पूर्ण करायचा, कुरआन एकदा पूर्ण करायचा, आणि गोळ्या महिनाभर बंद. कोणीतरी सांगितले होते की रोजा हीच शिफा आहे. तिला ते पटले, कारण पटवून घ्यायचेच होते. आम्हाला तिने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही, ही आमची चूक.

अठराव्या रोजाला तिच्या हातातून कात्री सुटली. मनगट गरम, लाल, सुजलेले. ईदच्या दिवशी तिला शीरखुर्म्याची वाटी धरता आली नाही. डॉक्टर रागावले, मग शांत झाले आणि समजावून सांगितले. उजव्या हाताचे मधले बोट आज पूर्ण सरळ होत नाही. होणारही नाही.

सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट नंतर कळली. तिची मुख्य गोळी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एकदाच! ती इफ्तारनंतर, रात्रीच्या जेवणावर घेता आली असती. रोजाला धक्काही लागला नसता. नुसते विचारायला हवे होते. (ही गोळी ज्यांच्या घरात आहे त्यांनी लक्षात ठेवा : आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. डबीवर वार लिहून ठेवा. सोबत फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील तसे. गरोदरपणात ही गोळी चालत नाही, म्हणून नवीन लग्न झालेल्या मुलीने डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे.) स्टिरॉइडची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करणे धोक्याचे असते. दुखण्याच्या साध्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर पोटाला आणि पाणी कमी पडले तर किडनीला त्रास देतात. म्हणून रमजानच्या महिनाभर आधी एक चक्कर डॉक्टरकडे, एक चक्कर आलिमकडे. दोघांचे उत्तर एकत्र घेऊन ठरवा. आणि बिननावाच्या पुड्या, ‘तीन खुराकमध्ये गठिया गायब’ वाल्या, घेऊ नका. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेले वारंवार सापडले आहे. आराम त्यामुळेच वाटतो आणि नुकसानही त्यामुळेच होते.

दीन आपल्यावर किती ओझे टाकतो

आपाला दुखण्यापेक्षा एका विचाराने जास्त छळले : आपली इबादत कमी पडते म्हणून अल्लाह बरे करत नाही. आजूबाजूचे लोक हा विचार आणखी पक्का करतात. प्रेमानेच करतात, हे तर आणखी वाईट. “सब्र करो, वजीफा पढो.” सब्र तर नऊ वर्षांपासून चालूच आहे.

आम्ही आलिम नाही. पण घरात जी पुस्तके होती ती वाचली, विचारले, आणि जे सापडले ते सांगतो. बुखारीत हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांची हदीस आहे. त्यांना आजार होता, त्यांनी नमाजबद्दल विचारले. उत्तराचा अर्थ असा : उभे राहून पढा, जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. म्हणजे बसून पढणे ही कमी दर्जाची नमाज नाही, ती आजाऱ्याची नमाज आहे. बुखारीतच आणखी एक हदीस आहे की माणूस आजारी पडतो किंवा प्रवासात असतो तेव्हा तो निरोगी असताना, घरी असताना जे अमल करत होता त्याचे सवाब त्याच्या नावे लिहिले जातात. आपाने ही हदीस वहीत तीनदा लिहिली आहे. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या अक्षरात. दुखऱ्या दिवसाचे अक्षर ओळखू येते.

कुरआनमध्ये सूरह बकरात आजाऱ्याला रोजा दुसऱ्या दिवसांवर टाकण्याची मुभा सरळ दिली आहे. बरे होण्याची आशा नसेल तर फिद्या आहे. त्याचा हिशेब आपल्या मस्जिदीच्या इमामसाहेबांना विचारा. पाण्याने खरोखर नुकसान होत असेल तर तयम्मुम आहे. सजद्यात गुडघे-मनगटे टेकत नसतील तर इशाऱ्याने सजदा आहे, रुकूपेक्षा थोडे जास्त झुकून. खुर्चीवर कसे बसायचे याच्या बारीक मसल्यांत मतभेद आहेत, ते विचारून घ्यावेत. आमच्या भागात बहुतेक लोक हनफी आहेत, तिथे दोन नमाजा एका वेळी एकत्र करायची रीत हजच्या बाहेर नाही. पण आम्हाला एका आलिमा बाजींनी एक सोपी गोष्ट दाखवली : जुहर तिच्या वेळेच्या शेवटी आणि असर तिच्या वेळेच्या सुरुवातीला पढली तर दोन्ही आपापल्या वेळेत होतात आणि एकाच वुजूत भागते. मगरिब-इशाचेही तसेच. ज्या बाईला दर वुजूसाठी दुसऱ्याचे हात लागतात, तिला विचारा ही सवलत केवढी मोठी आहे.

आणि इलाज? अबू दाऊद आणि तिर्मिजीत आहे की लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले, आम्ही औषधोपचार करावा का? त्यांनी ‘हो’ सांगितले. काटा टोचला तरी गुनाह झडतात ही हदीस सगळ्यांना पाठ असते. तिचा अर्थ काटा काढू नका असा होत नाही.

तक्रारीबद्दलही बोलू. हजरत अय्यूब (अलै.) यांचा सब्र सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांनी अल्लाहपुढे आपले दुखणे बोलून दाखवले, हेही कुरआनमध्येच आहे. हजरत याकूब (अलै.) यांनी आपले दुःख अल्लाहपुढे मांडले. गप्प बसणे म्हणजेच सब्र असते तर या दोन गोष्टी तिथे आल्या नसत्या, असे आम्हाला वाटते.

पण ज्या गोष्टीने आपाचे मन खरोखर हलले ती वेगळीच होती. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.). त्या हाताच्या कारागीर होत्या. कातडी कमवायच्या, शिवायच्या आणि त्यातून आलेले सदका करायच्या. प्रेषित (स.) यांनी आपल्या पत्नींना सांगितले होते की तुमच्यापैकी जिचा हात सर्वात लांब, ती मला सर्वात आधी येऊन मिळेल. सगळ्या आपापले हात मोजू लागल्या. पुढे हजरत जैनब (रजि.) यांचा इंतकाल सर्वात आधी झाला, तेव्हा कळले की लांब हात म्हणजे देणारा, राबणारा हात. ही मुस्लिम शरीफमधली हदीस.

आता दुसरी, बुखारीतली. प्रेषित (स.) मस्जिदीत आले तर दोन खांबांच्या मध्ये दोरी बांधलेली दिसली. विचारले, ही काय? सांगितले गेले, ही जैनब यांची. नमाजमध्ये थकल्या की हिला धरतात. बहुतेक भाष्यकार या जैनब म्हणजे बिन्ते जहशच मानतात. त्यांनी फर्मावले, सोडा ही दोरी. उत्साह असेल तोवर उभे राहून पढावे, थकल्यावर बसावे.

हाताने शिवणारी बाई, थकलेली, आणि तिला खुद्द प्रेषितांनी (स.) सांगितले की बस. आपा हे वाचून रडली. धाकटीने विचारले का, तर म्हणाली, “मी नऊ वर्षं दोरी बांधून उभी होते.”

सुई सोडायची नाही, पकड बदलायची

बरेच जण सल्ला देतात की शिवण सोडून दे. पैशाचे काय, हा प्रश्न तर आहेच. पण पूर्ण बंद केल्यावर आपाचे हात आणखी आखडले आणि मन तर फारच आखडले. सांध्यांना हालचाल लागते. फक्त सूज चढलेली असताना जबरदस्ती करायची नाही. फिजिओथेरपिस्टने आम्हाला जे शिकवले त्याचे सार म्हणीत आहे : अंथरूण पाहून पाय पसरावेत. दुखणाऱ्या माणसाचे नेहमी असे होते, की चांगला दिवस आला तर सगळे काम उरकून टाकतो, आणि मग तीन दिवस झोपून काढतो. त्यापेक्षा काम घड्याळावर करायचे, दुखण्यावर नाही. आपा वीस मिनिटे शिवते, मग मोबाइल वाजतो, मग दहा मिनिटे हात मोकळे. चांगल्या दिवशीही वीसच मिनिटे. हे पाळणे सगळ्यात कठीण. ‘एवढीच एक ओळ’ म्हणत म्हणत हात जातो. अल्लाहला सर्वात प्रिय अमल तो, जो थोडा असला तरी नियमित असतो, ही हजरत आयशा (रजि.) यांची हदीस आम्ही भिंतीवर लावली आहे, आणि खरे सांगायचे तर ती आता शिवणासाठीच जास्त कामी येते.

बाकी युक्त्या लहान आहेत. सुई बारीक असली की बोटे जास्त आवळावी लागतात, म्हणून सुई लांब आणि जाड घ्यायची, क्रोशाच्या सुईला स्पंजची नळी चढवायची. पेनालाही तीच. कात्री स्प्रिंगची, जी आपोआप उघडते. भरतकामाची रिंग डाव्या हाताने तासभर धरणे हेच मनगटाला मारते, म्हणून रिंग टेबलाला अडकवायचा क्लिप. जमिनीवर अड्ड्यासमोर मांडी घालून बसणे बंद, खुर्ची आणि समोर उंच पाट. पायमशीनला मोटर. सुईत दोरा ओवणे आपाला जमत नाही, तर भाची रात्री शाळेचा अभ्यास झाल्यावर दहा-बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवते. सकाळी आपाच्या समोर रंगीत दोऱ्यांची एक ओळ तयार असते. सुजलेल्या दिवशी अंगुश्ताना बोटात जात नाही. त्या दिवशी सुई नाहीच, हा आमचा सरळ थर्मामीटर आहे.

सकाळी दहापर्यंत सुईला हात लावायचा नाही, हात मोकळे व्हायला तेवढा वेळ लागतो. जुहरनंतर थोडा कैलूला. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा दुपारी तसेही कोण काय करते! असरनंतर दुसरी बैठक, मगरिबला सगळे गुंडाळायचे. पाच नमाजांनी दिवसाचे तुकडे आधीच पाडून दिलेले आहेत. आम्ही फक्त त्यात काम आणि आराम बसवला.

ठेकेदाराशी बोलणे हे मात्र युक्तीने सुटले नाही. आपाने माल निम्मा मागितला तर त्याने दोन महिने काहीच दिले नाही. मग धाकटी गेली, भांडली, आणि आता तुरपाई-बीडिंगऐवजी मशीनचे सरळ काम येते. कमाई कमी झाली. किती, ते इथे लिहीत नाही. घरबसल्या काम करणाऱ्यांच्या हक्कांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने तो अजून मंजूर केलेला नाही. तोवर निदान ई-श्रमवर नोंद करून ठेवा. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला. मोटरची मशीन त्यातून होऊ शकते. सांधे कायमचे वाकडे झाले असतील तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणी मागा. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत हालचालीचे अपंगत्व आणि सिकलसेल दोन्ही आहेत. नुसत्या वेदनेला त्या यादीत जागा नाही, हे चूक आहे असे आमचे मत.

पुस्तकाचे वजन

वाचन हे दुखण्यात सगळ्यात सोपे असेल असे वाटते. तसे नाही. जाड पुस्तक दोन्ही अंगठ्यांनी उघडे धरणे, मान खाली घालून अर्धा तास बसणे, दोन्ही दुखावते. आपल्या बुजुर्गांनी रेहल बनवली ती अदब म्हणून, पण त्यात हाताचाही विचार झाला आहे. आम्ही रेहल एका उंच पाटावर ठेवली, म्हणजे मान झुकत नाही. तिलावतीसाठी जाड मुसहफऐवजी तीस पाऱ्यांची पेटी काढली, तीच जी कुरआनख्वानीला मोहल्ल्यात फिरते. एक पारा म्हणजे वहीएवढे वजन. अर्थ वाचायला मराठी तर्जुमा. आमच्या घरात बोलणे उर्दू-हिंदीचे, शाळा मराठी, त्यामुळे समजायचे असेल तर मराठीच जवळची वाटते. पडून वाचायला अपराधी वाटत असेल तर सूरह आले इमरान उघडून पाहा : उभे, बसलेले आणि कुशीवर पडलेले, तिन्ही स्थितींत अल्लाहची आठवण करणाऱ्यांचा तिथे गौरव आहे.

इतर पुस्तकांसाठी एक माहिती जी आम्हाला खूप उशिरा कळली. २०१३ मध्ये मोरोक्कोच्या मर्राकेश शहरात एक आंतरराष्ट्रीय करार झाला. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकांच्या बोलक्या किंवा संगणकीय प्रती कॉपीराइटच्या अडथळ्याशिवाय करता याव्यात, असा. सगळ्यांना वाटते तो फक्त अंधांसाठी आहे. पण त्यात शारीरिक अपंगत्वामुळे पुस्तक हातात धरू किंवा उलटू न शकणारी व्यक्तीही स्पष्टपणे धरली आहे. हा करार मंजूर करणारा जगातला पहिला देश भारत, २०१४ मध्ये. त्याच कामासाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झाले. आपासारख्या बाईचा त्यावर हक्क बनतो. नागपूरला १९२३ मध्ये स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ आहे, वाचनालये आहेत, पण जिना चढून वर जाणे आणि पिशवीभर पुस्तके उचलणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी घरी येणारे पुस्तक हवे.

आमच्या घरी मात्र सगळ्यात चांगला बोलका ग्रंथ म्हणजे भाची. असरनंतर आपा शिवते आणि ती मोठ्याने वाचते. सीरतचे एक प्रकरण, मग वर्तमानपत्र, मग तिची स्वतःची गोष्टींची पुस्तके. लक्ष गोष्टीत गेले की वेदनेचा आवाज जरा कमी येतो. वीस मिनिटांचा मोबाइल वाजला की वाचन सुद्धा थांबते, आणि गोष्ट ऐन रंगात असेल तर आपाच चिडते.

घरातल्या पुरुषांसाठी दोन ओळी. हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले की प्रेषित (स.) घरात काय करायचे, तर त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असायचे. स्वतःचे कपडे शिवायचे, चपला टाके घालून दुरुस्त करायचे, हेही हदीसमध्ये आहे. आमच्या भाईने कणीक मळणे आणि ओले कपडे पिळणे ही दोन कामे घेतली. ही दोनच कामे मनगटाला सर्वात जास्त मारतात. पहिल्या आठवड्यात पोळ्या कडक झाल्या. खाल्ल्या.

सध्या आपाच्या पाटावर एक जानमाज आहे. विकायची नाही, भाचीसाठी. हिरव्या कापडावर मेहराब, तिच्या कडेने साखळी टाक्याची वेल. पूर्वी तिने हे काम आठ दिवसांत संपवले असते. सुरुवात गेल्या शाबानमध्ये झाली, आणि या महिन्यात वेल चार बोटे पुढे सरकली आहे. मध्ये एका ठिकाणी टाके सैल आणि वाकडे आहेत, तो डिसेंबरचा वाईट आठवडा. उसवून पुन्हा घाल असे आम्ही म्हटले. आपा म्हणाली, राहू दे, तिथे तिला सजद्यात माझा हात सापडेल.